खालच्या फेऱ्यांतली दुबळी गाडी : एका निदानाचा इतिहास

अंतर्ज्वलन इंजिनाच्या अभ्यासक्रमात 'कार्यमान' हा भाग आपण आलेख आणि सूत्रांच्या मदतीने शिकतो. या टिपणात तोच भाग इतिहासाच्या वाटेने पाहायचा आहे. प्रश्न एकच घेऊ. वेग वाढावा म्हणून इंजिनात फेरफार केले, वरच्या फेऱ्यांत गाडी खरोखर पळू लागली, पण खालच्या फेऱ्यांत ती मरगळली. असे का होते, आणि ते ओळखायला माणसे कशी शिकली?

रायपूरच्या गॅरेजांत ही तक्रार हिंदीत येते, 'नीचे से गाडी नहीं उठती'. पुण्या-कोल्हापुरात तिलाच 'पिकअप गेलं' म्हणतात. शब्द कोणतेही असोत, तक्रारीमागे दोन अगदी वेगळ्या गोष्टी असू शकतात. एक म्हणजे रोग : रिंगा झिजल्या, झडप नीट बसत नाही, टायमिंग सरकले. दुसरी म्हणजे सौदा : वरची शक्ती मिळवताना खालची शक्ती आपणच देऊन टाकली. रोग दुरुस्त होतो. सौदा दुरुस्त होत नाही, तो बदलावा लागतो. या दोहोंत गल्लत झाली की धडधाकट इंजिन विनाकारण उघडले जाते, ग्राहकाचे पैसे जातात आणि गाडी होती तशीच राहते. म्हणून हा इतिहास माहीत असणे कामाचे आहे.

१. आधी पीळ, मग शक्ती

इंजिन चाकाला जो पीळ देते त्याला टॉर्क म्हणतात. तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. शक्ती म्हणजे पीळ गुणिले फिरण्याचा वेग. किलोवॅटमध्ये उत्तर हवे असेल तर टॉर्कला आरपीएमने गुणायचे आणि ९५४९ ने भागायचे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. मूळ इंजिन १५०० आरपीएमला ६२ न्यूटन-मीटर देते आणि ५५०० ला ४८. फेरफारानंतर आकडे उलटे झाले : १५०० ला ४८ आणि ५५०० ला ६२. शक्ती काढली तर वरच्या टोकाला २७.६ किलोवॅटचे ३५.७ झाले, म्हणजे ८ किलोवॅटची वाढ. खालच्या टोकाला ९.७ चे ७.५ झाले, म्हणजे जेमतेम सव्वादोन किलोवॅटची घट. कागदावर सौदा फायद्याचा दिसतो. पण रस्त्यावर, चढावर, चार माणसे बसवून दुसऱ्या गिअरमध्ये गाडी ओढायची असते तेव्हा तुम्ही १५०० आरपीएमवरच असता, आणि तिथे जवळजवळ चौथा हिस्सा पीळ गेलेला असतो. जाहिरातीत कमाल शक्तीचा एकच आकडा छापतात. तो आकडा या नुकसानीबद्दल काहीच सांगत नाही.

२. मोजण्याची सुरुवात

इंजिनाच्या आत काय चालले आहे ते न उघडता पाहण्याचे पहिले साधन वाफेच्या इंजिनासाठी तयार झाले. जेम्स वॅटच्या कारखान्यातील जॉन सदर्न याने १७९६ मध्ये दाब मोजणाऱ्या यंत्राला सरकती पाटी जोडली. सिलिंडरमधला दाब आणि पिस्टनची जागा यांचा आलेख पेन्सिल आपोआप काढू लागली. झडप उशिरा उघडत असेल, लवकर बंद होत असेल, कुठे गळती असेल, ते आलेखाच्या आकारावरून कळे. हे यंत्र त्या कारखान्याने बरीच वर्षे गुप्त ठेवले. निदानाची ताकद ही धंद्याची ताकद असते हे त्यांना चांगलेच ठाऊक होते.

१८२१ मध्ये फ्रान्समध्ये द प्रोनी याने ब्रेक तयार केला. फिरत्या दांड्यावर लाकडी जबडे आवळायचे, त्यांना लांब दांडी जोडायची आणि दांडीच्या टोकाला वजन लटकवून तोल साधायचा. वजन गुणिले दांडीची लांबी म्हणजे टॉर्क. 'ब्रेक हॉर्सपॉवर' हा शब्द याच ब्रेकवरून आला. लक्षात घ्या, मोजला जातो तो टॉर्क. शक्ती नंतर हिशेबाने काढतात. १८७७ मध्ये विल्यम फ्राउड याने जहाजांच्या मोठ्या इंजिनांसाठी पाण्याच्या प्रतिकारावर चालणारा डायनॅमोमीटर बनवला. आज महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत दिसणारे हायड्रॉलिक डायनॅमोमीटर त्याच घराण्यातले.

म्हणजे मोटारगाडी जन्मण्याआधीच निदानाची दोन्ही साधने हाताशी होती : आतला दाब पाहणारे आणि बाहेरचा पीळ मोजणारे. अडचण एवढीच की ती कारखान्यांत होती, गॅरेजांत नव्हती.

३. कुर्ल्याचे इंजिन

भारतात मोटारीच्या इंजिनात फेरफार करण्याचा इतिहास ज्या गाड्यांनी घडवला त्यांत मुंबईच्या कुर्ल्यात तयार होणाऱ्या फियाटचे स्थान मोठे आहे. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिल्या गाड्या बाहेर पडल्या. पुढे फियाटशी करार झाला, फियाट ११०० आली, आणि १९६४ पासून तयार झालेले तिचे रूप पुढे 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने मुंबईची टॅक्सी म्हणून घराघरांत ओळखीचे झाले.

या गाडीचे इंजिन अभ्यासाला फार चांगले आहे. बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५ मिलिमीटर, चार सिलिंडर, १०८९ घनसेंटिमीटर. कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये, झडपा वर हेडमध्ये, मध्ये पुशरॉड. शक्ती सुमारे ४० अश्वशक्ती. बोअरपेक्षा स्ट्रोक मोठा, कॅम सौम्य, कार्ब्युरेटर एकच आणि लहान. हा हिशेब मुद्दाम केलेला होता. सहा माणसे आणि टपावर सामान घेऊन ही गाडी कसारा किंवा खंडाळ्याचा घाट चढायची ती खालच्या फेऱ्यांतल्या पिळावर.

पश्चिम महाराष्ट्रात तर इंजिन म्हणजे काय हे लोकांनी मोटारीआधी शेतात पाहिले होते. सातारा रोडचे कूपर, पुण्याचे किर्लोस्कर, विहिरीवर टुकूटुकू चालणारी ही डिझेल इंजिने ठरावीक संथ वेगाला पीळ देण्यासाठीच बनलेली. कोल्हापूर-सांगलीच्या कितीतरी मिस्त्रींचे हात याच इंजिनांवर तयार झाले. त्यांच्या कानाला खालच्या फेऱ्यांतला दमदार ठोका म्हणजे निरोगी इंजिन. शर्यतीचे इंजिन त्यांच्यासमोर आले तेव्हा त्या कानाची सवय उपयोगी पडली, आणि कधी कधी तिने फसवलेही.

४. शोलावरम आणि कॅमचा सौदा

मद्रासजवळ शोलावरम इथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली धावपट्टी होती. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब १९५३ मध्ये स्थापन झाला आणि पुढची तीन-साडेतीन दशके, १९९० मध्ये इरुंगट्टुकोट्टईचा बांधीव ट्रॅक होईपर्यंत, शोलावरम हे भारतीय मोटार शर्यतींचे मुख्य ठिकाण राहिले. परदेशी गाड्यांची आयात जवळजवळ बंद होती. म्हणून लोकांनी हाताशी असलेलीच गाडी घेतली. फियाट ११०० शर्यतीत धावू लागली.

धावपट्टीवर लांब सरळ पट्टे असतात, तिथे वरच्या फेऱ्यांची शक्ती लागते. ती मिळवायचा ठरलेला मार्ग म्हणजे हेड कापून कॉम्प्रेशन वाढवणे, मोठे किंवा दोन कार्ब्युरेटर लावणे, कॅमचा आकार बदलून झडपा जास्त वेळ उघड्या ठेवणे आणि मोकळा एक्झॉस्ट बसवणे. चारही गोष्टी वरच्या टोकाला उपयोगी पडतात. खालच्या टोकाला काय होते, ते एकेक करून पाहू.

कॅमपासून सुरुवात करा. इनलेट झडप पिस्टन तळाला पोचल्यावरही काही अंश उघडी ठेवतात. वेगात असताना आत येणाऱ्या हवेला गती असते, पिस्टन वर निघाला तरी ती आत येत राहते. पण १५०० आरपीएमला त्या हवेला पुरेशी गती नसते. पिस्टन वर येताना आत घेतलेली हवा उलट नळीत ढकलली जाते.

हिशेब करून बघा. स्ट्रोक ७५ मिलिमीटर आणि कनेक्टिंग रॉड १३० मिलिमीटर धरा. भौमितिक कॉम्प्रेशन ९ : १ असू द्या. झडप तळबिंदूनंतर ४० अंशांवर बंद झाली तर पिस्टनचा ६८.५ मिलिमीटर प्रवास शिल्लक असतो आणि खरे दाबले जाणारे प्रमाण ८.३ : १ पडते. शर्यतीच्या कॅमने ती ७५ अंशांवर बंद झाली तर शिल्लक प्रवास ५२.४ मिलिमीटर, आणि प्रमाण ६.६ : १. हेड कापून कॉम्प्रेशन वाढवलेले असूनही खालच्या फेऱ्यांत इंजिन मूळपेक्षा कमी दाबते आहे!

आता यातून निघणारा सर्वांत महागडा गैरसमज लक्षात घ्या. अशा इंजिनाला कॉम्प्रेशन गेज लावून स्टार्टरने फिरवले की गेज कमी दाखवणारच, कारण स्टार्टर इंजिनाला अगदी संथ फिरवतो. मिस्त्री म्हणतो, 'रिंगा गेल्या, इंजिन उघडावे लागेल.' रिंगा उत्तम असतात. गेजने खोटे सांगितलेले नसते, आपण त्याला चुकीचा प्रश्न विचारलेला असतो. योग्य प्रश्न विचारणारी चाचणी वेगळी आहे. पिस्टन वरच्या बिंदूवर आणून दोन्ही झडपा बंद असताना सिलिंडरमध्ये बाहेरून दाबाची हवा सोडायची आणि किती टक्के गळते ते पाहायचे. यालाच लीक-डाउन चाचणी म्हणतात. तिथे कॅमचा संबंध येत नाही. गेज कमी दाखवते, चारही सिलिंडरचे आकडे जवळपास सारखे आहेत, आणि गळतीही थोडीच आहे, तर तो सौदा. एकाच सिलिंडरचा आकडा खाली आहे आणि हवा तेलाच्या झाकणातून, कार्ब्युरेटरमधून किंवा सायलेन्सरमधून फुसफुसते आहे, तर तो रोग, आणि फुसफुस कुठून येते त्यावरून रिंग, इनलेट झडप की एक्झॉस्ट झडप हेही कळते.

मोठ्या कार्ब्युरेटरचा हिशेब तर त्याहून सोपा. कार्ब्युरेटरच्या अरुंद घशातून हवा वेगाने जाते, तिथला दाब उतरतो, आणि त्या उतरलेल्या दाबाने पेट्रोल वर खेचले जाते. घसा २८ चा ४० मिलिमीटर केला तर क्षेत्रफळ दुप्पट होते. तेवढ्याच हवेचा वेग निम्मा होतो. दाबातली घट वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलते, म्हणून ओढ चौथ्या हिश्शावर येते. खालच्या फेऱ्यांत अचानक ॲक्सिलरेटर दाबला की हवा येते, पेट्रोल येत नाही, इंजिन खोकते.

५. पेट्रोल, टाळी आणि मागे सरकवलेले टायमिंग

भारतीय इतिहासात या रोगाला आणखी एक कारण आहे, ते परदेशी पुस्तकांत ठळकपणे सापडणार नाही. आपले पेट्रोल दीर्घकाळ कमी ऑक्टेनचे होते, आणि त्यात रॉकेलची भेसळ चाले. रॉकेलमुळे इंजिन टाळी मारते, म्हणजे नॉकिंग होते. फेरफार करून कॉम्प्रेशन वाढवलेल्या इंजिनात तर जास्तच. यावर गॅरेजातला झटपट उपाय म्हणजे डिस्ट्रिब्युटर किंचित फिरवून ठिणगी मागे सरकवणे. टाळी थांबते. पण ठिणगी उशिरा पडली की पिस्टनवरचा कमाल दाबही उशिरा येतो, पीळ उतरतो आणि उष्णता एक्झॉस्टमधून वाया जाते. गाडी 'शांत' होते आणि दुबळीही.

इथे एक बारीक गोष्ट आहे. जुन्या डिस्ट्रिब्युटरमध्ये ठिणगी पुढे सरकवणाऱ्या दोन यंत्रणा असत : फेऱ्यांनुसार चालणारी वजने, आणि इंजिनाच्या ओढीवर चालणारा व्हॅक्यूमचा डबा. शर्यतीसाठी बरेच जण डबा काढून टाकत, कारण ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना त्याचा उपयोग नसतो. रस्त्यावर मात्र आपण बहुतेक वेळ अर्धा ॲक्सिलरेटर दाबून चालतो. मोठ्या कॅमच्या इंजिनात खालच्या फेऱ्यांत जळका वायू मिश्रणात जास्त मिसळतो, ज्योत हळू पसरते, आणि अशा इंजिनाला सुरुवातीची ठिणगी उलट लवकर हवी असते. कॅम बदलला आणि टायमिंग जुन्याच खुणेवर ठेवले, तर अर्धे नुकसान तिथेच होते. ते फुकट परत मिळवता येते.

भेसळीला किरकोळ लबाडी समजू नका. २५ जानेवारी २०११ रोजी नाशिक जिल्ह्यात मनमाडजवळ पानेवाडी इथे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना इंधन भेसळीचा प्रकार पकडताना जिवंत जाळण्यात आले. टाकीतले पेट्रोल शुद्ध आहे का, हा निदानातला एक साधा प्रश्न दिसतो. महाराष्ट्रात तो प्रश्न विचारण्याची किंमत एका माणसाने प्राणाने मोजली आहे.

६. नळीची लांबी

हवेच्या नळीतून दाबाच्या लाटा ये-जा करतात. झडप उघडी असतानाच उलटून आलेली लाट तिथे पोचली तर हवा जास्त भरते. लांब नळीत लाटेला परत यायला वेळ लागतो, म्हणून ती संथ फेऱ्यांना जुळते. आखूड नळी वेगवान फेऱ्यांना. हे तत्त्व प्रयोगशाळेतून रस्त्यावर ठळकपणे आणले क्रायस्लर कंपनीने १९६० मध्ये. त्यांच्या ३००-एफ गाडीत इंजिनावरून आडव्या जाणाऱ्या सुमारे ३० इंच लांबीच्या नळ्या होत्या, मधल्या फेऱ्यांतला पीळ वाढवण्यासाठी. त्याच गाडीच्या अधिक शक्तीच्या आवृत्तीत नळ्यांची उपयोगी लांबी निम्मी केली. इंजिन तेच, पण पिळाचा डोंगर वर सरकला. म्हणजे फक्त नळी बदलून खालची ताकद वर नेता येते, आणि वरची खालीही आणता येते.

एक्झॉस्टबाबत आपल्याकडे पक्का समज आहे की 'बॅक प्रेशर कमी झालं म्हणून पिकअप गेलं'. हा समज तपासून घ्या. अडथळा असल्याने इंजिनाला कधीच मदत होत नाही. मदत होते ती वायूच्या वेगाची. योग्य व्यासाच्या नळीतून वेगाने निघालेला वायू मागे ओढ सोडून जातो आणि सिलिंडर झाडून नेतो. नळी फार रुंद केली की खालच्या फेऱ्यांत वेग मरतो, ओढ मरते. त्यातच मोकळ्या एक्झॉस्टमुळे हवेचा प्रवाह बदलतो आणि कार्ब्युरेटरचे जेट मात्र जुनेच राहतात, तेव्हा मिश्रण पातळ होते. लक्षण एकच, 'पिकअप गेलं'. कारणे दोन, आणि दोन्हींत बॅक प्रेशर वाढवणे हा उपाय नाही.

७. एका इंजिनाचे दोन स्वभाव

१९८३ मध्ये मारुती ८०० आली, तीन सिलिंडर, ७९६ घनसेंटिमीटर. कोइंबतूरच्या करिवर्धन यांनी याच इंजिनावर 'फॉर्म्युला मारुती' ही एकासनी शर्यतीची गाडी उभी केली आणि कमी खर्चात शर्यत शिकण्याची सोय झाली. १९९० च्या दशकात एस्टीम आली. तिचे १.३ लिटरचे इंजिन आधी कार्ब्युरेटर आणि ६५ अश्वशक्तीचे होते. दशक संपता संपता सोळा झडपा आणि इंधन इंजेक्शन घेऊन ते ८५ अश्वशक्तीचे झाले. रॅलीवाल्यांची ही लाडकी गाडी.

दरम्यान जपानमध्ये सौद्याचाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला गेला होता. होंडाने १९८९ मध्ये इंटेग्रा गाडीत व्हीटेक यंत्रणा आणली. एकाच कॅमशाफ्टवर दोन स्वभावांचे कॅम, संथ फेऱ्यांना सौम्य आणि वेगवान फेऱ्यांना आक्रमक, तेलाच्या दाबाने बदलणारे. १.६ लिटरमधून १६० अश्वशक्ती निघाली आणि तरीही गाडी बाजारात भाजी आणायला नेता येत होती. पुढे होंडा सिटीबरोबर हे नाव भारतातल्या तरुणांच्या तोंडी झाले. पण निदानाच्या दृष्टीने एक नवा रोगही आला : तेल कमी किंवा घाण असेल, तर यंत्रणा बदलतच नाही.

टर्बोचा इतिहासही असाच. १९७३ ची बीएमडब्ल्यू २००२ टर्बो, १९७५ ची पोर्शे ९११ टर्बो, दोन्हींची ख्याती 'आधी काहीच नाही, मग एकदम धक्का' अशी. साबने १९७७ मध्ये दाखवलेल्या ९९ टर्बोमध्ये उलटा विचार केला. टर्बो लहान ठेवला, तो लवकर फिरू लागतो, आणि जादा दाब वेस्टगेटमधून सोडून दिला. आज तुमच्या मित्राने लहान टर्बो काढून मोठा बसवला असेल आणि गाडी खाली मेली असेल, तर तो १९७७ च्या आधी परत गेला आहे, एवढेच.

८. मोजपट्टी गॅरेजात येते

पुण्यात वेताळ टेकडीवर १९६६ मध्ये स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे एआरएआय, ही मोटारींची चाचणी घेणारी देशातली प्रमुख संस्था. कारखान्यांना तिथे डायनॅमोमीटर उपलब्ध होते. गॅरेजातल्या मिस्त्रीकडे होते कान, प्लगचा रंग आणि टायमिंग लाइट. काळा प्लग म्हणजे जाड मिश्रण, पांढरा म्हणजे पातळ किंवा तापलेले. त्या ज्ञानाला कमी लेखू नका. पण त्याची मर्यादा ही की ते एका माणसाजवळ राहते, आकड्यांत उतरत नाही, आणि त्याच्याबरोबर जाते.

ही दरी कायद्याने बुजवली असे म्हणता येईल. १९७६ मध्ये परदेशात ऑक्सिजन सेन्सर आला. भारतात १९९५ मध्ये महानगरांत शिसेविरहित पेट्रोल आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले, २००० पासून नवे उत्सर्जन नियम, त्यांच्यामागोमाग इंधन इंजेक्शन, आणि २०१० नंतर गाडीतच दोष नोंदवणारी ओबीडी यंत्रणा. प्रदूषण कमी करायला आलेल्या सेन्सरनी निदानाचे आकडे साध्या गॅरेजात आणून ठेवले. आता हजार-दोन हजारांचा एक ॲडॉप्टर आणि फोन यांवर मिश्रण, टायमिंग, दाब सगळे दिसते. पाहायचे काय, हे कळले पाहिजे.

९. निदानाचा क्रम

आजवरच्या इतिहासातून जो क्रम हाती लागतो तो असा. प्रत्येक पायरीवर आकडा लिहून ठेवा.

पहिली पायरी, प्रश्न विचारा. ताकद सगळ्याच फेऱ्यांत गेली की फक्त खाली? कोणत्या बदलानंतर? आपल्या रायपूरमध्ये हे फार महत्त्वाचे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटरवर आहे, त्याने हवेचा दाब साडेतीन टक्क्यांनी उतरतो. मे महिन्यात ४५ अंश तापमानाला हवा २५ अंशांच्या मानाने सहा टक्के विरळ असते. दोन्ही मिळून नऊ-दहा टक्के. पण ही घट सर्व फेऱ्यांत होते. फक्त खाली गेली असेल तर उन्हाला दोष देऊ नका.

दुसरी, इंजिनाबाहेरचे तपासा. क्लच घसरतो का? टायर मोठे लावले का? टायरचा व्यास ८ टक्के वाढला तर चाकाची ओढ सात टक्क्यांहून जास्त कमी होते, आणि त्यात इंजिनाचा काहीच दोष नसतो.

तिसरी, कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन, दोन्ही. एकटे कॉम्प्रेशन गेज मोठ्या कॅमच्या इंजिनात फसवते, हे वर पाहिले.

चौथी, कॅमची खूण. टायमिंग पट्ट्याच्या गिअरला ४० दात असतील तर एक दात सरकणे म्हणजे कॅमचे ९ अंश आणि क्रँकचे १८ अंश. कॅम मागे पडला की पीळ वर सरकतो, खाली दुबळेपणा येतो. ओव्हरहेड कॅमच्या इंजिनाचे हेड कापले असेल तरी कॅम किंचित मागे पडतो. अशा वेळी बदलता येणारा कॅम गिअर लागतो.

पाचवी, ठिणगी. सुरुवातीची, फेऱ्यांनुसार वाढणारी आणि व्हॅक्यूमची, तिन्ही वेगवेगळ्या मोजा.

सहावी, मिश्रण. खालच्या फेऱ्यांत आणि अचानक ॲक्सिलरेटर दाबताना. मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून चोरटी हवा येते का तेही पाहा. ती आयडलिंगजवळ सर्वांत जास्त त्रास देते.

सातवी, नळ्यांचे व्यास आणि लांबी.

सात पायऱ्या निर्दोष निघाल्या तर रोग नाही, सौदा आहे. मग मालकाला समोर बसवून विचारायचे : ही गाडी धावपट्टीवर पळवायची आहे, की रोज जी.ई. रोडवरून कामाला न्यायची आहे? धावपट्टी असेल तर इंजिन तसेच ठेवून गिअरचे प्रमाण बदला. रोजचा रस्ता असेल तर सौम्य कॅम आणि लहान घसा परत आणा. कायद्याचेही सांगून ठेवा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलांविरुद्ध बदल चालत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच अधोरेखित केले. शर्यतीचे इंजिन बंद ट्रॅकवर शोभते.

वॅटच्या कारखान्याने आपला आलेख लपवून ठेवला होता. शोलावरमच्या काळात एका गॅरेजने शोधलेली जेटची मापे दुसऱ्याला सांगितली जात नसत, ही शर्यतीची रीतच. तुमच्या पिढीला हे लपवण्याचे कारण नाही. तुमच्या महाविद्यालयाचा संघ विद्यार्थी फॉर्म्युला स्पर्धेत उतरत असेल तर नियमाप्रमाणे सगळी हवा २० मिलिमीटरच्या घशातूनच घ्यावी लागते. वरची शक्ती नियमानेच बांधलेली आहे. तिथे जिंकायचे ते खालच्या आणि मधल्या फेऱ्यांतल्या पिळावर. म्हणून नोंदवही ठेवा, बदल एका वेळी एकच करा, बदलाआधी आणि नंतर मोजा, आणि ती वही पुढच्या वर्षीच्या संघाच्या हातात द्या.

अभ्यासासाठी प्रश्न

१. एका इंजिनाचे चारही सिलिंडर कॉम्प्रेशन गेजवर सारखेच पण कमी दाखवतात, गळती अल्प आहे. रिंगा बदलाव्यात का? कारण लिहा.

२. वरचाच स्ट्रोक आणि रॉड धरून, झडप ६० अंशांवर बंद होत असेल आणि भौमितिक प्रमाण ९ : १ असेल, तर खरे प्रमाण काढा. (उत्तर सुमारे ७.४ : १)

३. कार्ब्युरेटरचा घसा ३० चा ३६ मिलिमीटर केला. त्याच हवेसाठी घशातील दाबाची घट किती पट होईल?

४. मोकळा एक्झॉस्ट लावल्यावर पिकअप कमी झाले. 'बॅक प्रेशर' हे कारण न देता दोन शक्य कारणे आणि प्रत्येकाची चाचणी सांगा.

५. तुमच्या शहरातील एका अनुभवी मिस्त्रीला भेटा. प्लगचा रंग पाहून तो काय काय ओळखतो ते लिहून काढा, आणि त्यातील प्रत्येक निरीक्षण कोणत्या आकड्याने पडताळता येईल ते समोर मांडा.